शर्वरीबाईंचा दरमहा ताप

जामबागच्या एका जुन्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या शर्वरीबाईंना दर महिन्याला ताप यायचा. त्यांनाच कशाला, स्टाफरूममधल्या निम्म्या बायांना यायचा. सकाळी मुख्याध्यापक एकनाथरावांना फोन करून "सर, ताप आहे" एवढं म्हटलं की झालं. पुरुषमाणसाला याहून जास्त सांगायचं नाही, हा कुठेही न लिहिलेला आणि म्हणूनच कधी न मोडलेला नियम. एकनाथराव भले गृहस्थ. शहरातल्या डासांवर ते मनापासून चिडत आणि बाईंच्या गौलीगुड्यातल्या घरी काडेचिराइताचा काढा पाठवत. कित्येक वर्षं बाई तो कडूजहर काढा नसलेल्या तापावर निमूट पीत आल्या. ओतून द्यायचा धीर होईना. माणूस चांगला ना!

खरं दुखणं ओटीपोटात होतं. यंदा तपासणीत त्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, नको तिथे वाढतं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी सोमवार दिला, वर तीन आठवडे विश्रांती. सोमवार हुकला की पुन्हा महिनोन् महिने तळमळणं. बाईंनी लगेच शाळेत फोन केला, पण जिभेची सवय जाते कुठे?

"सर, तीन आठवडे रजा हवी. ताप आहे."

"तापाला तीन आठवडे? दहावीची परीक्षा तोंडावर आलीय, बाई. नाही जमायचं. काढा पाठवतो."

नवरा चिन्मय मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. "अगं, मग खरं सांग की!"

"तुमच्या पुण्यात सांगतात वाटतं?"

चिन्मय पिशवीसाठी पाणी तापवायला उठला. तिथेही सांगत नसावेत.

दुपारी पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बाई मोबाईलवर वाचत पडल्या. कुठल्या देशाने या दुखण्यासाठी काय केलंय? ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय कृती आराखडा केलाय, सरकारी पैशातून खास दवाखाने काढलेत. फ्रान्सने राष्ट्रीय धोरण जाहीर केलंय. वाचता वाचता गोळीची गुंगी चढली. छताचा पंखा फिरता फिरता पृथ्वीचा गोल झाला आणि बाई त्यावरून अनवाणी चालू लागल्या. ऑस्ट्रेलिया गेरूच्या रंगाचा, ऊनऊन, पोटाला शेक देणारा. तिथल्या दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं, "या, बसा. घाई नाही." फ्रान्स मऊ, दुलईसारखा, डॉक्टर होऊ घातलेली पोरं बाईंच्याच दुखण्याचा धडा घोकत होती. बाई ढगांवरून तरंगत आपल्या देशावर आल्या, तर नकाशा तिथे कोरा. कोऱ्या जागेत एक कारकून इराणी चहा ढवळत बसलेला.

"अपना धोरण कायकू नै जी?" बाईंनी शहरातल्या दख्खनी बोलीत विचारलं.

"किसके वास्ते बनाना?" तो झोपाळू आवाजात म्हणाला. "यहाँ तो सबकू बुखारच है."

त्याच्यामागे बायांची रांग, पार क्षितिजापर्यंत, प्रत्येकीच्या तोंडात थर्मामीटर. आणि रांगेत पहिल्या उभ्या कोण? शर्वरीबाईच.

जाग आल्यावर त्यांनी पदर खोचला, ऑटो पकडली आणि थेट एकनाथरावांची खोली गाठली.

"सर, ताप नाही. कधीच नव्हता. पाळीचं दुखणं आहे. सोमवारी ऑपरेशन आहे."

एकनाथरावांचे कान लाल झाले. बाईंचेही झाले. त्या घटकेला मात्र दोघांनाही खरोखरीचा ताप चढला असावा.

"इतकी वर्षं?"

"हौ सर."

"आणि तो काढा?"

"पीत होते."

"सगळा?"

"सगळा."

एकनाथरावांनी चष्मा काढून उगाच पुसला. "जा, रजा घ्या. दहावीचा भूगोल मी बघतो. नद्या अजून पाठ आहेत माझ्या."

बाई वळल्या, तर मागून आवाज आला, "थांबा जरा." एकनाथराव खिडकीबाहेर बघत होते. "आमची रसिका. लातूरला दिलीय. दर महिन्याला पित्त होतं म्हणते. दोन-दोन दिवस उठत नाही."

त्यांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. जेवण, जावईबापू, नळाचं पाणी, सगळ्यांची विचारपूस झाली. मग त्यांनी फोन बाईंपुढे धरला.

"तुम्ही विचारा. मला नाही जमत."

शर्वरीबाई खुर्ची ओढून बसल्या. "रसिका, मी शर्वरी, सरांच्या शाळेतली. पित्ताचं राहू दे गं. खरं काय ते मला सांगशील?"

एकनाथराव हळूच उठले, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि कुणी आत जाऊ नये म्हणून व्हरांड्यात स्वतःच पहाऱ्याला उभे राहिले.