ओठांतल्या पाच टाचण्या

तिचा खालचा जबडा वरच्यापेक्षा चांगला बोटभर पुढे होता. शाळेत पोरी तिला ‘ड्रॉवर’ म्हणायच्या. ओढला कुणीतरी आणि परत लोटायला विसरला, तसा. दात आहेत तर चणे नाहीत, असं म्हणतात. हिच्याकडे दोन्ही होतं, पण वरच्या दातांचं आणि खालच्यांचं जन्मात कधी पटलं नाही. समोरासमोर यायचेच नाहीत. पोळीचा तुकडा तोडायचा तरी मान वाकडी करून दाढेखाली सारायचा. त्यामुळे ती चारचौघांत जेवायची नाही आणि बोलायची त्याहून कमी.

शिवणात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोट, जाकिटं, झगे शिवून देणारं ते दुकान, अरुंद जिना चढून पहिल्या मजल्यावर. मास्तर कापड कापायचे, चारजणी मशीनवर बसायच्या. गिऱ्हाइकाच्या अंगावर अर्धवट शिवलेला कपडा चढवून तो बसवायचा, म्हणजे ट्रायल घ्यायची, हे काम तिचं. या दुकानाची एक रीत होती. शिकाऊ मुलीने मनगटाला टाचण्यांची छोटी उशी बांधायची. हात बसला की मास्तर स्वतः ती उशी सोडून घ्यायचे. मग टाचण्या ओठांत धरायच्या, एका वेळी पाच. “उशी शिकणाऱ्याला. येतं त्याला ओठ,” मास्तर म्हणायचे. तिची उशी अठराव्या वर्षी सुटली, त्याला एकोणीस वर्षं झाली.

आणि खरं सांगायचं तर त्या टाचण्या तिला दुहेरी कामाला यायच्या. तोंडात टाचण्या असलेल्या बाईला कुणी बोल म्हणत नाही, हस म्हणत नाही. कोपराला टोचून ‘हात वर’ आणि खांद्याला चापटी मारून ‘वळा’. एवढ्यावर तिचं भागायचं. आरशात गिऱ्हाईक कपडा बघायचं आणि टाचण्या बघायचं. हनुवटीकडे कोण बघतंय!

पस्तिसाव्या वर्षी दुखणं कानापर्यंत पोचलं. दाढा झिजल्या, जबड्याचा सांधा कुरकुरायला लागला. आधी दीड वर्ष दातांना तारा झाल्या, मग ऑपरेशन. डॉक्टरांनी जबडा दोन्हीकडून कापून मागे सरकवला आणि पट्ट्या-स्क्रूंनी बसवला. नवरा बस चालवायचा. एक्स-रे उजेडात धरून म्हणाला, “एवढे स्क्रू माझ्या गाडीलासुद्धा नाहीत गं.” तिला हसू आलं, पण वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मिक्सरचा ताबा घेतला. सकाळी दूध-केळं, दुपारी भात-भाजी-बटाटा एकत्र, सगळं पातळ, सगळं एकाच रंगाचं. सासूबाई पेला हातात देऊन समोर बसायच्या.

“कशी झालीय पेज?”

ती हात हलवायची, ठीक.

“ठीक काय? मी चाखलीय. भिंत रंगवायला बरी आहे. पी मुकाट्याने.”

सूज उतरली, रबरं सुटली, दात एकमेकांवर बसले. आरशात एक बरी दिसणारी अनोळखी बाई आली. ती तिच्याकडे बघायची, मग नजर काढून घ्यायची. एवढं सगळं बरं झालं, पण खालचा ओठ आणि हनुवटी मेलेलीच राहिली. पाणी प्यायलं की ओघळ गळ्यापर्यंत जायचा आणि हिला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, “शिरेला धक्का बसलाय. आधी मुंग्या येतील, मग जाग येईल. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. थोडा भाग तसाच राहूही शकतो.”

“पण मला ओठांत टाचण्या धरायच्या असतात,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “कशाला?”



ऑपरेशननंतर सातव्या आठवड्यात ती कामावर गेली. सगळ्या जणी उठून आल्या, हनुवटी बघून “अगं बाई!” म्हणून गेल्या. पहिलीच ट्रायल एका तरुण मुलीच्या पांढऱ्या झग्याची होती. हिने सवयीने पाच टाचण्या ओठांत धरल्या. एक काढली, कमरेला लावली. दुसरी काढली. तिसरीला हात नेला, तर मुलगी आरशात बघून किंचाळली, “ताई, रक्त!”

झग्याच्या खांद्यावर दोन लाल थेंब. ओठात टाचणी रुतलेली आणि हिला पत्ता नाही. ओठांतल्या मोजल्या तर दोनच. दोन झग्यावर, मग पाचवी कुठाय? सगळं दुकान गुडघ्यांवर आलं. मास्तर लोहचुंबक घेऊन फरशीवर फिरले. दहा मिनिटांनी टाचणी मशीनच्या पायाशी सापडली तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. रक्ताचे डाग गार पाण्याने निघाले. तिच्या मनातून काही निघाले नाहीत.

संध्याकाळी मास्तरांनी कपाटातून एक उशी काढून तिच्यासमोर ठेवली. जुनी, विटलेली, शिकाऊ मुलींची.

“ही बांध.”

“मी मशीनवर बसते, मास्तर.”

“मशीनवर बसायला चौघी आहेत. आरशापाशी कोण उभं राहील, मी?”

“कुणालाही उभं करा. मी उशी बांधून त्या आरशासमोर नाही उभी राहणार.”

“उद्या सांग,” मास्तर म्हणाले आणि दिवे मालवायला लागले.

घरी तिने हे सासूबाईंना सांगितलं. नुसतं उशीचं नाही, आतलंही सांगितलं. टाचण्या नाहीत म्हणजे तोंड उघडं. जबडा नीट झाला, पण उघड्या तोंडाने लोकांपुढे उभं कसं राहायचं, ते कुठे कुणी बसवून देतं?

सासूबाई गुडघे चोळत होत्या. “मी काठी घेतली तेव्हा आठ दिवस दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. म्हटलं, लोक म्हातारी म्हणतील.”

“मग?”

“मग काय, दूध संपलं. गेले. म्हणाले लोक, म्हातारी. मी होतेच की!”

दुसऱ्या दिवशी तिने उशी बांधली. दुकानातल्या शिकाऊ मुलीने बघून न बघितल्यासारखं केलं, तेच जास्त लागलं. आणि नेमक्या त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या. आता निवृत्त, पण अर्धं गाव त्यांच्या छडीखालून गेलेलं. बारा वर्षं कोट इथेच शिवून घ्यायच्या. बाई आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या. ही मागे उभी, मनगटावर उशी, तोंड रिकामं. आरशात दोघींचे चेहरे, मध्ये आडोसा म्हणून काही नाही.

बाईंनी निरखून बघितलं. “टाचण्या कुठायत आज?”

“इथे.” तिने मनगट दाखवलं. “ओठाला कळत नाही अजून.”

तोंड मोकळं असलं की काहीतरी बोलावं लागतं. एकोणीस वर्षांत जे कुणाला विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

“बाई, कुठे आवळतंय का?”

“हो,” बाई म्हणाल्या. “छातीत. नेहमीच आवळतं.”

“नेहमी? म्हणजे आधीचे कोटही?”

“सगळे. घरी गेल्यावर पहिलं बटण उघडंच ठेवते मी.”

“मग सांगायचं नाही का?”

“कसं सांगणार? तुझ्या तोंडात त्या पाच टाचण्या! वाटायचं, आपण हललो, ही दचकली आणि गिळली एखादी, म्हणजे? ट्रायल संपेपर्यंत मी श्वास धरून उभी असायची.”

“बारा वर्षं?”

“मेले नाही, एवढंच.”

तिने मापं डोळ्यांसमोर आणली. किती नीट बसवले होते ते कोट, सुरकुती म्हणून नाही. श्वास कोंडलेल्या बाईच्या मापाचे! जिला सगळी शाळा भ्यायची ती बाई एका शिंपिणीला भिऊन उभी, आणि शिंपीण तिच्या मागे आपली हनुवटी लपवून. तिला हसू फुटलं. ओठ एका बाजूला ओढला गेला, थोडी लाळही सांडली असेल, तिला कळलं नाही. बाईही हसायला लागल्या, तशी कोटाच्या पाठीचा कच्चा टाका तटकन सुटला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “सोडा आता श्वास.”

“सोडला.”

“नाही सोडलात. सगळा सोडा.”

बाईंनी सोडला. कोटाला छातीत दीड इंच जास्त लागत होता. ती उशीवरून एकेक टाचणी, बघून, हळू काढत लावायला लागली. पडद्यापलीकडून मास्तरांनी आवाज दिला, “झालं का नाही अजून? दोन गिऱ्हाइकं खोळंबलीत!”

“थांबा की, मास्तर!” ती जोरात म्हणाली. “बाई श्वास घेतायत.”