सेट म्हणजे चार पँटी

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात मी पॅकिंगला लागले, त्याच्या थोडं आधी अंबरनाथला इंग्रजीचा क्लासही लावला होता. पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले, "बाई, सेट बांधो." मॅडमनी क्लासमध्ये शिकवलं होतं, सेट म्हणजे सारख्या वस्तू एकत्र, कपबशांचा असतो तसा. म्हणून मी अठ्ठावीस कमरेच्या सगळ्या पँटी एका गठ्ठ्यात बांधल्या, तीसच्या दुसऱ्यात. शेठनी कपाळाला हात लावला. त्यांचा सेट म्हणजे अठ्ठावीस ते छत्तीस, प्रत्येक मापाची एकेक. सगळे गठ्ठे सोडून पुन्हा बांधले.

मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, सूर्य मावळतो तेही सेट, दही लागतं तेही सेट. माझं डोकंच फिरलं. एका शब्दाला इतकी कामं कोण लावतं?

पुढे एका सेटमधली चौतीसची पँट फाटकी निघाली. बाकीच्या चार धडधाकट, तरी एकाही दुकानदाराने घेतल्या नाहीत.

परीक्षेत सेटचा अर्थ विचारला. मी लिहिलं, ज्यातलं एक गेलं की उरलेल्यांना कुणी विचारत नाही, तो सेट. मॅडमनी फुली मारली. त्यांना एकदा कारखान्यात नेऊन फळीवरच्या त्या चार पँटी दाखवायच्या आहेत.