चार मिलिमीटरची चूक आणि अण्णांची बोलणी

काल सकाळी द्वारका चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी चक्क गिटार वाजवली... आणि तीही स्वतः बनवलेली!

वाईनची रिकामी लाकडी पेटी, दांडीला सागाची पट्टी, त्यावर सुरांच्या जागा दाखवणारे सायकलच्या स्पोकचे आडवे पडदे आणि तीन तारा. तारा अशा लावल्यात की एका बोटानेही वाजवता येईल. कारण ही गिटार अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी होती.

अण्णा मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. कॉलनीच्या भजनात बुलबुलतरंग वाजवायचे. सहा महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला... हात बराच सुधारला, पण माणूस गप्पच झाला. 'हो' आणि 'नको' यापलीकडे शब्द नाही. मला त्याचीच धास्ती वाटायची.

पडद्यांचं गणित नेटवर सापडलं. तारेची लांबी साधारण अठराने भागायची, येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. मग उरलेली लांबी पुन्हा भागायची... मी पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं मोजत गेलो आणि स्पोक टेपने चिकटवले. बारावा पडदा बरोबर मध्यावर यायला हवा. स्वारी चार मिलिमीटर पुढे! वरचा सा इतका चढा लागला की बायकोने किचनचं दार लावून घेतलं.

तरी मी हौसेने अण्णांपुढे वाजवली. त्यांचं तोंड आंबट झालं. मी कसं मोजलं ते त्यांनी हातवारे करून विचारलं, मी दाखवलं, आणि...

"गाढवा! एकावरनं दुसरं माप काढतो का कुणी? केसभर चूक दर वेळी वाढत जाती! सगळी मापं एकाच टोकापासून घ्यायची. इतकी वर्षं काय सांगत होतो मी?"

शब्द अडखळत होते, पण आवाज तोच, वर्कशॉपमधला. बायको धावत बाहेर आली. मी वेड्यासारखा हसत उभा!

मग दुपारपर्यंत अण्णा खुर्चीत आणि मी खाली फरशीवर. सगळे पडदे काढून पुन्हा बसवले. प्रत्येक खूण ते चष्मा लावून तपासत होते, दोन तर परत करायला लावल्या.

शेवटी त्यांनी स्वतः बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं आणि तार छेडली. वरचा सा स्वच्छ लागला... "हां," म्हणाले, "आता जरा माणसासारखं काम झालं."

लहानपणी ही बोलणी टाळायला मी मित्राकडे जाऊन बसायचो. काल मात्र मनातून एकच मागणं आलं... देवा, माझ्या हातून अजून खूप चुका होऊ देत, आणि अण्णांना असंच ओरडू दे.