पोटात उडणारा बेडूक

हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालाव्यात म्हणून माझ्या छातीत मशीन बसवलं होतं. डाव्या बाजूच्या तारेतून करंट गेला, की बरगडीखाली उचकीसारखं उडायचं. झोप लागत नसे. तरी तपासणीत मी 'काही त्रास नाही' म्हणायचो. खरं सांगितलं तर पुन्हा छाती उघडतील, ही भीती होती.

एकदा वर्ध्याच्या दवाखान्यात माझ्याआधी वडनेरची एक बाई तपासायला घेतली. तिलाही तसंच मशीन होतं. किती कमी करंटवर हृदय साथ देतं, ते तंत्रज्ञ पाहत होता. पडद्यामागून तिचं हसू ऐकू आलं.

"अरे बाबू, पोटात बेडूक उडून राह्यला ना! कमी कर."

"केला. आता?"

"आता बसला."

तेवढ्यावरही हृदय नीट चालत होतं. कापाकापी काही झाली नाही.

पदरानं घाम पुसत ती बाहेर आली आणि माझ्यासमोर थांबली.

"भाऊ, बरगडी काऊन दाबून धरली? तुमच्या बी पोटात बेडूक हाय का?"

"नाही."

"सांगून टाका. तो मशीनवाला काई तुमचा जावई नाई, त्याच्यापुढं लाजाले."

मी सांगितलं. माझाही करंट कमी झाला.

घरी मात्र बायकोला म्हणालो, "मशीनचा दोष मीच ओळखला." ती चारचौघांत माझ्या हुशारीचं कौतुक करायची. पुढे प्रत्येक तपासणीत मी त्या बाईला शोधत राहिलो. भेटली की बायकोसमोर उभी करून खरं सांगणार होतो. बायको गेली, तेव्हाही तिला माझी हुशारीच ठाऊक होती.