दुसऱ्या मशीनचं राहिलं होतं

आमचे हे बोईसरला एका रसायनाच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर होते. तिथे दोन सारखे कॉम्प्युटर होते. एक काम करायचा. तो बंद पडला तर दुसरा लगेच काम उचलायचा, म्हणजे कारखाना थांबत नसे. आमच्या गावी, मुरब्याला, घरी बोंबील वाळत घालताना सासूबाई ह्यांना चिडवायच्या, "एक राबतो नि दुसरा बसून बघतो? म्हंजे जावा-जावाच की रे!"

सेटिंग बदलायची तर दोन्हींवर बदलावी लागे. आधी रिकाम्यावर, मग काम त्याच्याकडे देऊन दुसऱ्यावर. हे ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं.

सासूबाईंचं दुखणं वाढलं. एका सकाळी त्यांना श्वास लागला. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवून घ्या. चुलत दीर मोटारसायकलवरून बोईसरला गेले आणि एकटेच परत आले.

"येतो म्हणाला, वहिनी. एका मशीनचं झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. आता टाकून आला नि पहिली बंद पडली, तर दुसरी जुन्या आकड्यांवर चालू होईल. खाली टाक्यांजवळ माणसं हायत."

"दुसरं कोणी नाय?"

"आज नाय."

आमच्याकडे शेवटचं पाणी मुलाच्या हातचं. सासूबाईंना हा एकच मुलगा. मी तुळशीचं पाणी चमच्यात घेऊन बसले.

"आई, घोटभर घ्या. निघालेत ते."

"त्याला येऊ दे," त्या म्हणाल्या आणि ओठ मिटून घेतले. मग डोळे दाराकडेच.

दुपारी हे धावत आत आले तेव्हा सगळं संपलं होतं. ह्यांनी चमचा भरून त्यांच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून ओघळलं. ह्यांनी ते शर्टाच्या बाहीने पुसलं आणि पुन्हा चमचा भरला. शेवटी चुलत दिरांनी हात धरला.

तेराव्याला कारखान्याचे साहेब आले. "तुम्ही थांबलात म्हणून सगळं नीट पार पडलं," म्हणाले. ह्यांनी हात जोडले, चहा दिला.

अजूनही जेवताना मधेच घास हातात धरून हे विचारतात, "आईने थोडं तरी घेतलं होतं ना गं?"

"घेतलं होतं," मी म्हणते, आणि भात वाढायला खाली वाकते. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे.