मुमताजआपांचा फोन

सकाळी आपांच्या नंबरवरून संदेश आला आणि मी सवयीने फोन कानाशी नेला. आपा कधी लिहीत नसत, बोलूनच पाठवत. या वेळी मात्र लिहिलेलं होतं. ‘आपा पहाटे गेल्या. दुपारच्या नमाजनंतर दफन आहे. मी त्यांची भाची.’ मी त्याच नंबरवर फोन लावला. भाचीने उचलला आणि नुसती रडत राहिली. आपांना झोपेतच हृदयविकाराचा झटका आला होता... महिना उलटून गेला, तरी तो नंबर माझ्याच्याने पुसवत नाही.

आमची ओळख पुण्यात हडपसरमधल्या एका बुद्धविहाराच्या सभागृहात झाली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे दर गुरुवारी तुरुंगातून सुटून आलेल्या बायकांना स्मार्टफोन वापरायला शिकवते. मुमताजआपा आल्या तेव्हा साठीला टेकल्या होत्या. जवळच्या मांजरी गावात भावाकडे राहायच्या, कपडे शिवायच्या. नवऱ्याच्या खुनाबद्दल त्यांनी जन्मठेप भोगली होती. मी खोदून कधी विचारलं नाही. त्याच एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, “मार खाऊन खाऊन एक दिवस हात उलटला, बाई. पण माझ्या मुलाचा बाप गेलाच की नाही?” मुलगा इम्रान तेव्हा शाळेत होता. त्याला चुलत्यांनी वाढवलं. तो आईला भेटायला तुरुंगात कधी आला नाही.

सुटल्या त्या दिवसाची हकीकत मात्र आपा हसत सांगायच्या. स्वारगेटला बसमध्ये चढल्या, तर सगळे माना खाली घालून बसलेले. “मला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस वारलं असावं. म्हणून मीही मान खाली घातली!” सगळे फोनमध्ये बघत होते हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. हसू तेवढ्यापुरतंच होतं. बँकेत गेल्या तर ओटीपी तुरुंगात जाण्याआधीच्या जुन्या नंबरवर जायचा, आणि तो नंबर एव्हाना कुणा परक्या माणसाला मिळालेला. रेशनचं मशीनही शिलाईने झिजलेला अंगठा ओळखेना. शिक्षा संपली होती, पण आपण मुमताज आहोत हे पटवून द्यायलाही आता त्यांना फोन लागत होता.

त्या फार हळू शिकल्या. काचेवर बोट असं दाबायच्या, की मी म्हणायची, “अहो आपा, हळू. कापड नाही ते.” “कापड बरं हो. चुकलं तर उसवता येतं,” हे त्यांचं उत्तर.

पावसाळा सरता सरता एका गुरुवारी सगळ्या गेल्यावर त्या मागे थांबल्या. “माणूस शोधता येतो का यात?” त्यांनी इम्रानचं नाव सांगितलं. आम्ही फेसबुकवर शोधलं. बराच वेळ भलतेच चेहरे येत राहिले, आणि मग आपांनी माझं मनगट घट्ट धरलं. दाढी राखलेला एक तरुण, शेजारी बायको, कडेवर दोन वेण्यांची मुलगी. “मी बघितलं तर त्याला कळेल?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर त्या रोज बघायच्या. नातीचा दात पडला, नात शाळेत जायला लागली, सगळं मला सांगायच्या. फ्रेंड रिक्वेस्ट पाठवू या का, असं मी सुचवलं, तर ठाम नकार.

एके दिवशी भर दुपारी त्या धापा टाकत माझ्या घरी आल्या. नातीच्या फोटोवर चुकून अंगठा दाबला गेला होता. “काढा ना हो ते! आधी काढा!” मी लाइक काढला, पण तोवर इम्रानला सूचना गेलेली असणार, हेही मला सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याचं पान दिसेनासं झालं. फोन बिघडला असं समजून आपा तो दुरुस्तीला टाकायला निघाल्या होत्या. ब्लॉक म्हणजे काय, ते मी त्यांना समजावलं... असं काही शिकवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या ओढणीने फोन पुसत म्हणाल्या, “म्हणजे माझं नाव वाचलं त्याने.”

त्यानंतर त्या वर्गाला येईनाशा झाल्या. मी मांजरीला गेले. “ज्याच्यासाठी शिकले, ते तर झालं. आता काय करू शिकून?” आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तुरुंगातली जुनी सोबतीण त्याच दिवशी सुटली होती. स्वारगेटला कुणाचा तरी फोन मागून ती रडत होती. कुठली बस, कुठून सुटते, तिला वाचता येत नव्हतं. आपा चप्पल घालता घालताच तिला समजावू लागल्या. त्या दिवसापासून सुटून येणाऱ्या प्रत्येकीसाठी, तिने मागून घेतलेल्या फोनवर, आपा आवाजात वाट सांगून पाठवू लागल्या, तोच संदेश वर्गाच्या ग्रुपवरही टाकू लागल्या आणि स्वतः हडपसरच्या स्टॉपवर जाऊन उभ्या राहू लागल्या.

त्या गेल्यावर काही दिवसांनी सभागृहात एक तरुण बाई आली. “मी नाझिया. इम्रानची बायको. त्यांच्या भाचीने इथला पत्ता दिला.” दफनाला इम्रान आला नव्हता. “घरीच बसून होते. जेवले नाहीत, बोलले नाहीत,” ती म्हणाली. मग चाचरत विचारलं, “मुलीला दादीचा आवाज ऐकवायचाय. कसलाही चालेल. आहे का?”

मी वर्गाच्या ग्रुपवरचा त्यांचा एक संदेश लावला. मागे गाड्यांचे हॉर्न, आणि त्यात आपा : “रडू नकोस. खिडकीशी बस. हडपसर आलं की कंडक्टर सांगेल. उतरलीस की तिथेच थांब, इकडेतिकडे जाऊ नकोस. मी घ्यायला येते.”

नाझियाने तो पुन्हा लावायला सांगितला. मग स्वतःच्या फोनवर घेतला, डोळे टिपले आणि गेली. इम्रानने तो ऐकला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

नव्याने सुटलेल्या बायकांना तो संदेश अजून जातो. परवा एकीने तो ऐकून फोनवर विचारलं, “या ताई येतील ना नक्की?”

मी येते, म्हटलं. आणि स्टॉपवर जाऊन उभी राहिले.