लग्नपत्रिकेमागचा 'रन'

इंग्रजीतल्या 'रन' या एका शब्दाने आम्हा दोघींचे चार महिन्यांचे शनिवार खाल्ले. दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण, डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. मुलांना एका शब्दाचा एकच अर्थ पाठ करायची सवय, आणि हा शब्द तर कुठेही घुसतो. नळाला पाणी येतं तिथे रन, साडीचा रंग जातो तिथे रन, अंगात ताप असतो तिथे रन, कोणी पोळीभाजी केंद्र चालवतं तिथेही रनच. अमेरिकेत म्हणे उमेदवार निवडणुकीला रन करतो. आपल्याकडे तो आधी उभा राहतो आणि निवडून आल्यावर पळतो, असं मी म्हटलं तेव्हा मैत्रीण चहा सांडेपर्यंत हसलेली.

शनिवारी शाळा सुटली की मी तिच्या ठाण्याच्या, नौपाड्यातल्या घरी जायचे. आम्ही मुलांसाठी शब्दांची कार्डं करत होतो. कार्डं कसली, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी! तिच्या नात्यातल्या पत्रिकांवर गणपती, माझ्या नात्यातल्यांवर बुद्ध, आणि मागे आमचे शब्द. कामाची वाटणी ठरलेली. शब्दाचं मूळ ती शोधायची, उदाहरणाची वाक्यं मी करायची. 'रन'चं मूळही तिनेच शोधलं. जुन्या इंग्रजीत नदी वाहते आणि माणूस धावतो, या दोन्हीला एकच क्रियापद होतं, आणि समुद्रापलीकडून आलेल्या लोकांच्या बोलीतला त्याचा भाऊबंद येऊन त्यात मिसळला. हे मला वाचून दाखवताना तिचा चेहरा असा काही फुललेला की मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, ती हुशार होतीच.

वाहणं आणि धावणं एकत्र आल्यावर मला आमची कल्याणची चाळ आठवली. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा वडील नळावर रांगेत होते. शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो, पोरगी पास झाली, इंग्रजीत पण!" घरातली पहिली दहावी पास. वडिलांनी भरत आलेली बादली तशीच सोडली आणि आईला सांगायला चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटले. एरवी हा माणूस मोठ्याने हसायचाही नाही. मी पत्रिकेमागे इंग्रजीत लिहिलं: माझे वडील चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले आणि नळ वाहत राहिला. एका वाक्यात दोन रन. लिहिता लिहिता मला रडू फुटलं, तर मैत्रिणीने कितीतरी वेळ पाठीवरून हात फिरवला. म्हणून तर राग जास्त येतो.

निवृत्तीनंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती भेटायला आली, म्हणाली, "अगं, तो कार्डांचा खोका दे माझ्याकडे. मी सगळं टाईप करून ठेवते, तू आराम कर." मी खोका दिला, वर डब्यात लाडूही दिले.

पुढे वर्षभर विचारलं की एकच उत्तर, "चाललंय गं." मग एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या त्याच कार्डांच्या पुस्तकाच्या प्रकाशनाचं आमंत्रण आलं. नाव एकच, तिचं. मी फोन केला तर म्हणते कशी, "प्रकाशकांना एकच नाव हवं होतं, मी काय करू? आभारात आहेस की तू." आभारात मी होते खरी. 'शाळेतील एक सहकारी भगिनी'! केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

घरच्यांनी नको जाऊस म्हणून बजावलं, तरी मी गेलेच. नौपाड्यातला छोटासा हॉल, पंचवीस-तीस माणसं, मी मागच्या रांगेत. भाषणं झाल्यावर एका वाचक बाईंनी उभं राहून 'रन'चं उदाहरण मोठ्याने वाचलं. माझंच वाक्य, फक्त चाळीच्या जागी अंगण आलेलं. "किती जिवंत आहे हो! कसं सुचलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मैत्रीण माईकवर हसून म्हणाली, "सुचलं कसलं, ते माझे वडील. माझ्या निकालाच्या दिवशी अस्सेच धावले होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव घेतलंस, घे. वाक्यं घेतलीस, तीही घे. पण माझा बाप कशाला घेतलास गं? तुला तुझा नव्हता का?

मी खुर्चीला धरून उभी राहिले. "मॅडम, एक विचारू?" तीस वर्षं जिला अगं म्हणत आले तिला मॅडम म्हणताना जीभ जड झाली. "धावताना तुमच्या वडिलांच्या पायात काय होतं?"

तिने मला ओळखलं. माईक तोंडापासून जरा लांब गेला. "चपला," ती म्हणाली, "चपलाच असतील ना."

"एकच होती," मी म्हटलं. "दुसरी नळापाशी चिखलात राहिलेली. ती उचलून घेऊन त्यांच्यामागे मी धावत होते. ते तेवढं मी कार्डावर लिहिलं नव्हतं."